पित्ताच्या थैलीला थ्रीडी कशाला?

धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयांत हल्ली नातेवाईक एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत: “दुर्बिणीचं साधं करायचं की थ्रीडी?” प्रश्नात काळजी असते आणि खिशाचा अंदाजही. थ्रीडीचं बिल जास्त, म्हणजे धोका कमी, हे समीकरण कुणीतरी त्यांच्या डोक्यात आधीच बसवून दिलेलं असतं. आईला तुमसरहून घेऊन आलेला मुलगा अशा वेळी घासाघीस करत नाही. “जे चांगलं असन ते करा, मॅडम,” म्हणतो आणि एटीएमकडे निघतो.

मी भूलतज्ज्ञ आहे. नागपुरातले आमच्यापैकी बरेच जण कुठल्याच एका रुग्णालयाला बांधलेले नसतात. सकाळी सक्करदऱ्यात, दुपारी वर्धमाननगरात, ज्या सर्जनचा फोन येईल तिकडे आपली बॅग घेऊन जायचं. त्यामुळे टूडी, म्हणजे साध्या दुर्बिणीचे सपाट चित्राचे, पडदेही बघण्यात येतात आणि थ्रीडीही, नव्या सर्जनचे हात दिसतात आणि मुरलेल्यांचेही; आणि मला कुठल्याच कंपनीचं यंत्र विकायचं नसतं. थ्रीडीच्या खोलीत तर भूलतज्ज्ञाच्या वाट्याला चष्मा येईलच असं नाही, आणि चष्म्याशिवाय तो पडदा म्हणजे एकावर एक सरकलेली दोन चित्रं. तरी माझं मत धूसर नाही. पित्ताची थैली काढायला थ्रीडी लागत नाही. त्यासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घेणं चूक आहे. ज्या ऑपरेशनांत पोटाच्या आत टाके घालावे लागतात तिथे थ्रीडी खरोखर कामाचं आहे. ते तिथे घ्यावं, आणि विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांनी ते घेताना हा फरक डोळ्यांपुढे ठेवावा.

थ्रीडीवाल्यांची बाजू पोकळ नाही, म्हणून आधी ती. आपले दोन डोळे एकमेकांपासून साधारण सहा सेंटिमीटरवर असतात. दोघांना किंचित वेगळं चित्र दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू खोलीचा अंदाज घेतो. साध्या दुर्बिणीला एकच डोळा असतो. थ्रीडी दुर्बिणीत दहा मिलिमीटर जाडीच्या नळीच्या टोकाशी दोन भिंगं शेजारी-शेजारी बसवलेली असतात; दोन्ही चित्रं एकाच पडद्यावर ओळीआड ओळ दाखवली जातात आणि पोलराइज्ड चष्मा ज्याचं चित्र त्या डोळ्याकडे पोचवतो. कंपनीचा माणूस डेमोला आला की म्हणतो, एक डोळा मिटा आणि सुईत दोरा ओवून दाखवा. दोरा हुकतो. सर्जनला पटतं, रुग्णालयाच्या मालकाला तर लगेच पटतं.

पण एक डोळा गेलेला माणूस सीताबर्डीच्या गर्दीतून स्कूटर काढतोच ना? खोली कळायला मेंदूकडे इतरही खुणा असतात. जवळची वस्तू दूरच्या वस्तूला झाकते, जवळची मोठी दिसते, डोकं हललं की जवळचं जास्त सरकतं. दुर्बिणीचं ऑपरेशन करणारा सर्जन या खुणा सतत वापरत असतो. दुर्बीण जराशी आत-बाहेर करायला सांगतो, हत्याराच्या टोकानं ऊतक हलकेच ढकलून बघतो. एक खूण मात्र त्याला फारशी मिळत नाही, ती सावलीची, कारण प्रकाश आणि भिंग एकाच नळीतून आत जातात. म्हणून नव्या रेसिडेंटचं हत्यार सुरुवातीला लक्ष्याच्या पुढे तरी जातं किंवा अलीकडे तरी थांबतं. सरावानं ते सुटतं.

हा सराव जगभरच्या सर्जननी टूडीवरच केला. १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्युहे यांनी दुर्बिणीतून पहिली पित्ताची थैली काढली, १९८७ मध्ये फ्रान्समधल्या लिऑं शहरात फिलिप मुरे यांनी काढली आणि तिथून ही पद्धत पसरली. भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहमतन उदवाडिया यांनी ते ऑपरेशन केलं. थ्रीडीची पहिली यंत्रं नव्वदच्या दशकातच आली, आणि १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. स्कॉटलंडच्या डंडी शहरात चार शिकाऊ सर्जननी पित्ताच्या थैलीची ६० ऑपरेशनं केली. कुठलं टूडीवर आणि कुठलं थ्रीडीवर, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं होतं. वेळेत फरक पडला नाही, चुकांतही नाही. थ्रीडीवर काम करणाऱ्यांचे डोळे मात्र शिणले आणि डोकी दुखली.

यावर थ्रीडीवाले म्हणतील की हा पुरावा शिळा आहे, आणि ते बरोबर आहेत. तेव्हाच्या चष्म्यांच्या काचा डाव्या-उजव्या डोळ्यापुढे आलटून पालटून उघडत-मिटत, चित्र लुकलुकायचं, कॅमेरे आजच्या मानानं अंधुक होते. आजचं यंत्र वेगळं आहे. सरावपेटीत मणी ओवणं, टाका घालून गाठ मारणं अशी कामं नवशिक्यांना थ्रीडीवर लवकर जमतात आणि त्यांच्या चुका कमी होतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. युरोपातल्या एंडोस्कोपिक सर्जनांच्या संघटनेनंही काही वर्षांपूर्वी जाणकारांची मतं एकत्र करून थ्रीडीकडे कौल दिला. मुख्य कारण, ऑपरेशनचा वेळ वाचतो. गुंतागुंती कमी होतात का, यावर त्यांचे शब्द बरेच जपून होते.

वेळेबद्दल भूलतज्ज्ञाइतकी आस्था कुणाला असणार? पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर इतका दाब ठेवलेला असतो. तो वायू रक्तात उतरतो, मी व्हेंटिलेटर वाढवून तो बाहेर काढत असते, छातीचा पडदा वर दाबलेला असतो. दहा मिनिटं आधी गॅस सुटला तर मला आनंदच आहे. पण पित्ताच्या थैलीच्या ऑपरेशनात मिनिटं कुठे जातात हे मी त्याच खोलीत बसून बघते. लाइट केबलमधले तंतू तुटल्यामुळे चित्र पिवळट, सर्जन “लाइट वाढवा, लाइट वाढवा” म्हणतोय आणि वाढवायला काही उरलेलं नाही. गॅसचा सिलिंडर मध्येच संपतो आणि पाना सापडत नाही. क्लिप लावायचं हत्यार आधीच्या केसनंतर सायडेक्स या जंतुनाशकात बुडवून ठेवलेलं, त्याची वेळ भरायची आहे. यातलं एकही मिनिट चष्म्यानं वाचत नाही.

मिनिटांचं सोडा. या ऑपरेशनात ज्याला आम्ही खरोखर घाबरतो ती गोष्ट वेगळीच आहे. थैलीची बारीक नळी कापायच्या ऐवजी यकृतातून आतड्याकडे जाणारी पित्ताची मुख्य नळी कापली जाणं. उघड्या ऑपरेशनात हे हजारात एखाद-दोनदा व्हायचं. दुर्बिणीच्या पद्धतीत ते हजारात तीन ते पाच वेळा होतं असे आकडे सर्वसाधारणपणे दिले जातात. ज्याच्या वाट्याला ते येतं त्याचं साधं ऑपरेशन महिनोन्महिन्यांच्या दुखण्यात बदलतं: कावीळ, नळ्या, पुन्हा मोठं ऑपरेशन, कधी जीवही जातो. थ्रीडी जर ही चूक टाळत असेल, तर मी हा लेख फाडून टाकायला तयार आहे.

ती चूक का होते, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा २५२ केसेस तपासून मांडलं. ९७ टक्के केसेसमध्ये मूळ कारण सर्जनच्या नजरेला झालेला भ्रम होतं. हाताच्या कौशल्यातली उणीव फक्त ३ टक्क्यांत. हा ९७ चा आकडा थ्रीडीच्या बाजूनंही फेकला जातो: बघा, नजरच चुकते, म्हणून नजर सुधारा. पण भ्रम कसला होता ते बघायला हवं. थैली वर ओढली की तिची बारीक नळी आणि मुख्य नळी जवळपास एका रेषेत येतात. सूज असेल, चरबी असेल, तर दोन्हींमधला सांधा झाकलेला असतो. सर्जनला बारीक नळी बघायचीच असते, समोर नळी येते, आणि मेंदू म्हणतो, हीच ती. नळी किती आत आहे हे त्याला नीट कळलेलं असतं. ती कुठली आहे, इथे तो चुकलेला असतो. चुकीची नळीसुद्धा थ्रीडीत छान गोल, ठसठशीत दिसते. उलट ती इतकी स्वच्छ दिसते म्हणून खात्री आणखी वाढली तर?

यावरचा उपाय १९९५ मध्येच स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी सांगून ठेवला आहे आणि तो कुठल्याही पडद्यावर करता येतो. थैली, यकृत आणि नळ्या यांच्यामधली जागा चरबी आणि पडदे काढून पूर्ण मोकळी करायची. थैलीचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सोडवायचा. आणि थैलीत जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, पुढून आणि मागून दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही. नाहीच दिसल्या तर थांबायचं: वरिष्ठाला बोलवायचं, थैलीचा काही भाग आत ठेवून बाकीची काढायची, किंवा सरळ पोट उघडायचं. पोट उघडण्याला आपल्याकडे हार समजतात, हा एक वेगळाच रोग आहे. “दुर्बिणीचं म्हणून सांगितलं होतं” असं म्हणत भांडायला उभे राहणारे नातेवाईक आणि त्या भांडणाच्या भीतीनं नेटानं पुढे रेटणारा सर्जन, हे दोघे मिळून जितका धोका तयार करतात तितका टूडी पडदा करत नसावा, असं मला वाटतं.

थैलीसाठी जास्तीचे पैसे घालायचेच असतील, तर ओळख पटवणाऱ्या तंत्रावर घाला. इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग आहे. ऑपरेशनआधी तो शिरेतून देतात, बहुतेक वेळा आम्हीच देतो. तो पित्तात उतरतो आणि खास कॅमेऱ्याखाली पित्ताच्या नळ्या हिरव्या चमकू लागतात. जाड चरबीतून तो काही मिलिमीटरपलीकडे दिसत नाही, त्यामुळे हाही रामबाण नव्हे. पण तो निदान योग्य प्रश्नाचं उत्तर देतो.

मग थ्रीडी कुठे? पोटात सुई चालवायची असते तिथे. गर्भपिशवी काढल्यावर आतून टाके घालणं, मूत्रपिंडाच्या तोंडाशी अडलेली नळी कापून पुन्हा जोडणं, आतड्याला आतडं शिवणं. अर्धवर्तुळाकार सुई योग्य कोनात धरायची, ऊतकात योग्य जागी शिरवायची, पलीकडे तिचं टोक पकडायचं, गाठ मारायची. यात खोलीचा अंदाज प्रत्येक टाक्याला लागतो आणि चुकला की तो टाका पुन्हा. गुदाशयाच्या कर्करोगात अरुंद कटीपोकळीत नाजूक नसांच्या कडेनं थर सोडवत जाणं हेही याच जातीचं काम. अशा ऑपरेशनांत थ्रीडी पडद्यासमोर सर्जनचे हात शांत झालेले मला दिसले आहेत. माझ्या मॉनिटरवरचं घड्याळही तेच सांगतं. रोबोटच्या लोकप्रियतेतही रोबोटच्या मनगटाइतकाच त्याच्या थ्रीडी चित्राचा वाटा आहे, आणि रोबोटच्या मानानं साधी थ्रीडी दुर्बीण स्वस्तच म्हणायची.

पण अशी ऑपरेशनं मध्यम रुग्णालयात रोज होत नाहीत. थैलीचं रोज होतं. यंत्राचा हप्ता तर दरमहा येतो. सरकारी योजनेच्या रुग्णाचं पॅकेज ठरलेलं असतं, त्यात पडदा कुठला वापरला याला वेगळे पैसे नसतात. राहिला रोख पैसे देणारा थैलीचा रुग्ण. टाक्यांच्या ऑपरेशनासाठी घेतलेल्या यंत्राचा हप्ता तोच फेडतो, आणि त्याला सांगितलं जातं की हे त्याच्या सुरक्षिततेसाठी आहे. रुग्णालय चालवणाऱ्यांची अडचण मला कळते. मात्र ती रुग्णाच्या भीतीवर बिल लावून सोडवायची नाही.

आता सरकारी रुग्णालयांकडे वळते, कारण खासगीत चूक झाली तर एका कुटुंबाचे पैसे जातात, सरकारी खरेदी चुकली तर अख्ख्या टापूला भोगावं लागतं. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, आता मिहानच्या एम्समध्ये येणारा रुग्ण फक्त नागपूरचा नसतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, शिवाय छिंदवाडा, शिवनी, बालाघाट. यातल्या एका रुग्णाबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण त्याच्याशिवाय नागपुरात पित्ताच्या खड्यांची गोष्ट पूर्ण होत नाही.

सिकलसेलचा आजार विदर्भाच्या पूर्व पट्ट्यात घराघरात माहीत आहे. तांबड्या पेशी वेळेआधी फुटतात, त्यातून निघालेलं बिलिरुबिन पित्तात साचतं आणि त्याचे काळे खडे बनतात. एरवी चाळिशीनंतर दिसणारे खडे इथे शाळकरी पोरांत सापडतात. अशा मुलाला दुर्बिणीचं ऑपरेशन हे वरदान आहे; मोठी चीर नसल्यानं दुखणं कमी, त्यामुळे ते पोर खोल श्वास घेऊ शकतं, छातीत बिघडण्याची भीती कमी होते. पण त्याचा जीव कशावर अवलंबून आहे? आदल्या रात्रीपासून शिरेतून पाणी चालू होतं का, हिमोग्लोबिन बघून गरजेप्रमाणे रक्त दिलं का, थिएटरचा एसी बंद करून त्याला गरम ठेवलं का, ऑक्सिजन कुठेही खाली गेला नाही ना, नंतरच्या रात्री वॉर्डात लक्ष ठेवायला सिस्टर होती का. थंडी, कोरड आणि ऑक्सिजनची कमी यातलं काहीही त्याच्या पेशींना कोयत्यासारखं वाकवायला पुरेसं असतं. रुग्ण गरम ठेवणारं एक ब्लोअर थ्रीडी संचाच्या किमतीच्या पासंगालाही येत नाही, आणि हवं तेव्हा ते सापडत नाही असं मी एकाहून जास्त ठिकाणी अनुभवलं आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो विदर्भात येणारच: मुंबई-पुण्याला थ्रीडी आणि आम्हाला टूडी? आणखी एक अनुशेष? डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की रुग्णालयांच्या यंत्रांच्या मागण्यांना आणि घोषणांना ऊत येतो, आणि अनुशेष हा शब्द कुठल्याही यंत्राला चिकटवता येतो. अनुशेष आहेच. पण तो मेडिकलच्या थिएटरमध्ये चष्मा नाही म्हणून नाही. एखाद्या उपजिल्हा रुग्णालयात सर्जन आहे पण भूलतज्ज्ञ नाही, दुर्बिणीचा संच आहे पण कॅमेऱ्याची वायर गेल्यावर दुरुस्तीचा करार संपलेला, म्हणून बाईला पित्ताच्या कळा सोसत एसटीनं नागपूर गाठावं लागतं; अनुशेष तो आहे. थ्रीडीची दुर्बीण त्या गावी पाठवली तर तीही वर्षभरात कपाटात जाईल. तिच्या टोकाशीच नाजूक चिप असते, ती आपटली तर दुरुस्तीचा खर्च साध्या दुर्बिणीसारखा नसतो.

शिकवण्याच्या बाबतीत माझं मत इतकं ठाम नाही. थ्रीडीवर हात लवकर बसतो हे मान्य. पण मेडिकलमधून एमएस होऊन बाहेर पडणारा सर्जन जाईल कुठे? बहुधा अशाच ठिकाणी, जिथे जुना एचडी संच असेल, आणि कॅमेरा धरायला कधीकधी ब्रदर असेल. त्याला सपाट पडद्यावरच्या खुणा वाचता आल्याच पाहिजेत. कॅमेरा धरण्याचं शास्त्रही दोन्हीत थोडं वेगळं आहे: थ्रीडीत दुर्बीण मनासारखी फिरवता येत नाही, क्षितिज सांभाळावं लागतं, आणि ऊतकाच्या फार जवळ नेली की सगळ्यांचे डोळे तिरळे होतात. टाके आणि गाठी थ्रीडीवर शिकवाव्यात, थैली टूडीवर, असं मला वाटतं. शिकवणाऱ्यांनी खोडून काढलं तर ऐकेन.

त्यामुळे नागपुरात सरकारी पैशानं थ्रीडी घ्यायचंच, तर ते मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीसारख्या ठिकाणी घ्यावं, जिथे आतून शिवण्याची ऑपरेशनं नियमित होतात, आणि मूत्ररोग, स्त्रीरोग, कर्करोग अशा विभागांनी ते वार ठरवून वाटून वापरावं. एकेका विभागानं आपापला संच मागू नये. निविदेत दुरुस्तीचा करार यंत्राइतकाच महत्त्वाचा धरावा, केबल आणि दिवा त्यात असावेत. पडदा फोर-के दर्जाचा मागावा, कारण साध्या एचडी थ्रीडी पडद्यावर ओळी दोन डोळ्यांत वाटल्या जातात आणि प्रत्येक डोळ्याला अर्ध्याच मिळतात, शिवाय चष्म्यानं उजेड कमी होतो तो वेगळाच.

आणि एक तपासणी, जी मी अजून कुठेही होताना पाहिलेली नाही. काही टक्के लोकांना दोन डोळ्यांच्या चित्रांचा मेळ घालून खोली दिसतच नाही. लहानपणचा तिरळेपणा, एक डोळा कमजोर राहिलेला, आणि पुष्कळांना स्वतःला ते ठाऊकही नसतं. त्यांच्यात उत्तम सर्जन असतात. अशा सर्जनला थ्रीडी चष्म्यातून काहीही जास्तीचं मिळत नाही, फक्त अंधार थोडा वाढतो. नेत्रविभागाच्या ओपीडीत माशीचं एक चित्र असतं: पोलराइज्ड चष्मा लावून बघितलं की तिचे पंख कागदावरून वर आलेले दिसतात आणि माणूस ते चिमटीत धरायला जातो. दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य. मागणीपत्रावर सही करणाऱ्या प्रत्येक सर्जननं आधी ती माशी पकडून दाखवावी.